नदीकाठी पहिलाच पावसाळा, घरात दोन म्हशी आणि सासू-सासरे: तयारी कुठून धरू?

जतची_लेक:

मी मूळची जत तालुक्यातली. आमच्याकडं जूनभर आभाळाकडं बघत बसायचं आणि टँकरचा हॉर्न वाजला की घागरी घेऊन पळायचं. पाण्याची ओळख तेवढीच. लग्न होऊन करवीर तालुक्यात आले, चिखली-आंबेवाडीच्या बाजूला, नदीकाठच्या गावात. हा माझा इथला पहिला पावसाळा.

मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, महिन्यातनं एकदा येतात. घरी मी, सासरे (त्यांना मी मामा म्हणते) आणि सासूबाई (आत्ती). आत्तींना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. गोठ्यात एक दुभती म्हैस, एक गाभण (श्रावणात व्यायला होईल म्हणतात) आणि एक रेडकू. घराच्या दोन खोल्या जुन्या, खापरीच्या. मागं एक स्लॅबची खोली आहे, तिला जिना बाहेरनं.

सोप्यातल्या भिंतीवर ऑईलपेंटनं एक पट्टा मारलाय, २०२१ च्या पाण्याचा. मामा रोज तो दाखवतात. "पाणी इथवर येतं. त्याच्या वर सामान टाकायचं आणि स्लॅबवर जाऊन बसायचं. आम्ही जन्मभर हेच केलं." मला त्यांचं पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही, कारण मला पुरातलं काही कळतच नाही.

नेमकं विचारायचं तर: घर कधी सोडायचं ते कशावरनं ठरवतात? आधी काय काय करून ठेवायचं? आणि मामांना कसं सांगायचं? सरकारी पत्रक वाचलं, त्यात टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार पेटी आहे. म्हशींबद्दल एक ओळ नाही.

गोठ्याची_मालकीण:

शेवटचं वाक्य लाख बोललीस पोरी. आपल्याकडं माणूस मागं राहतो तो जनावरापायी. बोट दारात येते, हात देते, आणि म्हातारा म्हणतो म्हशीला सोडून येत नाही. म्हैस काय बोटीत बसत नाही. त्यामुळं सगळी तयारी गोठ्यापासनं उलटी मोजायची.

आधी तुझ्या सासऱ्यांच्या पट्ट्याचं बघू. तो पट्टा खोटा नाही, पण तो सांगतो पाणी शेवटी कुठवर चढलं ते. तुला पाहिजे ते वेगळंच. तुमच्या गावातनं बाहेर पडायचा रस्ता कधी बुडतो? नदीकाठच्या गावांत रस्ता घराच्या कितीतरी आधी जातो. ओढ्यावरची मोरी, उसाच्या पट्ट्यातला सखल तुकडा, तिथं पाणी आलं की गाव बेट झालं. घराच्या उंबऱ्याला तेव्हा थेंब नसतो, चुलीवर भाकरी चालू असते, सगळी निवांत. त्या घटकेला म्हैस नेता येत नाही आणि तिथंच सगळा डाव फसतो. घर कोरडं आहे की नाही हे बघायचंच नाही. मोरी बघायची.

आता फुटांचं. कोल्हापुरात सगळा हिशोब पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेल्या पातळीवर चालतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या आसपास, आणि २०२४ ला ४७ च्या पुढं जाऊन थांबली. ही पातळी पावसाळ्यात दिवसातनं कितीतरी वेळा मोबाईलवर फिरत असते. तू एवढंच कर, गावातल्या दोघा-तिघा जाणत्यांना विचार, "राजारामला किती फूट असताना आपली मोरी बुडते?" दूधसंस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याला पहिलं विचार, त्याला हमखास पाठ असतं, कारण त्याची गाडी अडकते. आमच्या गावचा आकडा चाळीसच्या आत-बाहेर आहे. तुमचा वेगळा असेल. तो मिळाला की त्यातनं तीन फूट वजा कर. त्या आकड्याला जनावरं हलली पाहिजेत. चर्चा नाही, झोपून उठून बघू नाही.

तीन फूट का, तर नदी पात्रात असते तोवर भराभर चढते. एका रात्रीत कुठल्या कुठं जाते, २०२१ च्या जुलैत लोकांनी बघितलंय. पात्राबाहेर पडली, शेतात पसरली की मग इंचाइंचानं चढते. माणूस फसतो तो तिथं. "तासाला इंचच वाढतंय की" म्हणत बसतो, आणि तोवर मागचा रस्ता गेलेला असतो.

गावात ऊन पडलंय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आपल्याला बुडवणारा पाऊस आपल्या अंगणात पडत नाही. तो पडतो गगनबावड्याला, राधानगरीला, दाजीपूरच्या जंगलात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी ह्यांचं पाणी होऊन पंचगंगा येते. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपसूक उघडतात, कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. "दोन दरवाजे उघडले", "पाच उघडले" अशा बातम्या यायला लागल्या आणि तिकडं गगनबावड्यात धो धो चालूच असेल, तर पातळीची वाट न बघता दावी सोडायला घ्यायची.

म्हशी न्यायच्या कुठं, हे आत्ता मे-जूनमध्ये ठरव. पूर आल्यावर पाहुण्याला फोन करू नये, त्याच्याकडं आधीच तिघांची जनावरं आलेली असतात. उंचावरच्या गावात नात्यातलं, नाहीतर दुधाच्या ओळखीचं कुणीतरी गाठ. जाऊन जागा बघ, दावण किती जनावरांची, पाण्याची सोय काय. आणि वैरणीचं स्पष्ट बोल. वैरण आपली, जागा त्यांची. कडबा आत्ताच नेऊन टाक. पुरात ऊस बुडतो, म्हणजे वाडंही मिळत नाही, आणि सुकी वैरण सोन्याच्या भावानं जाते. टेम्पोवाल्याशीही आत्ताच बोल. त्या दिवशी अख्ख्या गावाला एकच टेम्पो पाहिजे असतो.

गाभण म्हशीला सगळ्यात आधी हलवायचं, सावकाश, दिवसाउजेडी. टेम्पोत खाली उसाचं पाचट अंथरायचं, नाहीतर पाय घसरून बसते.

दुभतीचं एक सांगते, हे पत्रकात कुणी लिहीत नाही. नव्या जागी म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध तटतं, दगडी होते, आणि पूर ओसरला तरी ते दुखणं राहतं. म्हणून जाताना तिची रोजची पेंडीची पाटी, तिची बादली आणि तिचं रेडकू बरोबर पाहिजे. धार काढणारा हातही तोच पाहिजे. म्हणजे तुमच्यात जो धार काढतो तो म्हशीबरोबर जाणार. तुझे सासरे काढत असतील तर तुझा अर्धा प्रश्न मिटला. त्यांना "घर सोडा" म्हणू नको. "मामा, म्हशीबरोबर कोण जाणार, ती दुसऱ्याला पान्हा सोडत नाही" असं म्हण. बाप्या माणूस स्वतःच्या जिवासाठी हलत नाही, म्हशीसाठी हलतो.

घटसर्पाची लस पावसाच्या आधी टोचून घे. कानात पिवळा बिल्ला आहे का बघ, नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडनं मारून घे, आणि बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून मिस्टरांच्या फोनवर पाठव. पुढं पंचनाम्याला जनावर तुमचं होतं हे सांगायची वेळ आली तर कामाला येतो. आणि गोठ्यात साखळी असेल तर काढ, सुती दावं घाल, ओढलं की सुटणारी गाठ मार. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात साखळीचा आकडा सापडत नाही. विळा दावणीच्या वर खुंटीला कायम अडकवलेला असावा.

घरातलं सामान हा त्या मानानं सोपा विषय. धान्य स्लॅबच्या खोलीत, तेही फरशीवर नको, लाकडी घडवंचीवर. सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि भिंतीला धडका देतो, म्हणून रेग्युलेटर काढून, टोपी लावून साखळीनं बांधायचा. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती, आत्तींच्या औषधाची चिठ्ठी, सगळं एका जाड पिशवीत. पिशवी माळ्यावर टाकायची नाही, ती पहिल्या टेम्पोतनं म्हशीबरोबर जाणार. आणि घराचे, गोठ्याचे, मोटारीचे फोटो आत्ता काढून ठेव, सगळं धडधाकट असताना. नुकसानीनंतरचे फोटो सगळ्यांकडं असतात, आधीचे कुणाकडंच नसतात.

चिखलीचा_जुना:

बाईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. सगळ्यांनी घर सोडलं तर चोऱ्या होतात. म्हणून आमच्याकडं दर घरातला एक गडी स्लॅबवर राहतोच. २०१९ ला राहिलो, २०२१ ला राहिलो, काही झालं नाही. वर बसून भजी तळून खाल्ली. उगाच नव्या पोरीला घाबरवू नका.

गोठ्याची_मालकीण:

दादा, तुम्ही राहिलात ते धडधाकट होता म्हणून. हिच्या घरात कोण राहणार? शुगरची सासू, म्हातारा सासरा की एकटी सून? चोरीची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याला गल्लीनं मिळून दोन तरणे गडी आळीपाळीनं ठेवावेत, ते पण पक्क्या दुमजली घरात, दोर आणि फुगवलेली ट्यूब घेऊन, आणि पोलीस पाटलाला नावं देऊन. दर घरात एक म्हातारा ठेवला की बोटीला पन्नास फेऱ्या होतात.

भज्यांचं म्हणाल तर पाणी उतरायला किती दिवस लागले ते पण सांगा की तिला. २०१९ ला पिठाचा डबा तळाला गेला होता बऱ्याच जणांचा.

शिरोळचा_शेतकरी:

आमचं वेगळं गणित आहे, कुणी शिरोळचं वाचत असेल तर म्हणून लिहितो. आम्ही राजारामच्या आकड्यावर विसंबत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन तुडुंब आलेली असली की पंचगंगेला पुढं जायला जागाच नसते, ती मागं फुगते. म्हणून आम्ही कोयनेचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो, तिथं ४० इशारा, ४५ धोका. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी आमच्याकडं चढत असतं. येतं उशिरा, पण मुक्काम लांबतो. तयारी चार दिवसांची नाही, पंधरवड्याची करावी लागते.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर मी इथं भांडणार नाही. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारच्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं मुख्य कारण धरलं नाही, आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना ते आजही मान्य नाही. उंची वाढवायला आमचा विरोध आहे आणि तो राहणार. पण तो लढा मुंबई-दिल्लीत आहे. जुलैत माझ्या दारात पाणी येतं तेव्हा अलमट्टी कुणाची चूक ह्यानं माझं पोतं वर जात नाही.

बोटीबद्दल एक. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रम्हनाळला बोट उलटली, त्यात बायका-पोरं गेली. माणसं जास्त झाली होती. तेव्हापासनं आमच्या घरचा नियम, भरलेल्या बोटीत चढायचं नाही, पुढच्या फेरीला जायचं. जाकीट मागून घ्यायचं. आणि गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून जायचा पराक्रम तर अजिबात करायचा नाही. संथ पाण्यात काहिल चालते, पण ओढ लागली की गरगरा फिरते, वल्हं मारून काही होत नाही.

वायरमन_निवृत्त:

विजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, नोकरी खांबावरच गेली आहे.

पाणी यायला लागलं की आमची माणसं डीपी बंद करतात. लोक शिव्या देतात, पण तो तुमच्या जिवासाठी बंद असतो. त्याच्याही आधी घरचा मेन स्वतः पाडायचा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते इन्व्हर्टरचं. मेन पाडला, डीपी गेला, तरी इन्व्हर्टर बॅटरीवर घराला करंट देतच राहतो. खालच्या बोर्डाला पाणी लागलं की संपलं. म्हणून इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर सोडवायची आणि बॅटरी वर न्यायची. छतावर सोलर असेल तर ते कसं बंद करायचं हे बसवणाऱ्याकडनं आत्ताच शिकून घ्या.

नदीवरच्या मोटारीचं: लोक शेवटपर्यंत ठेवतात, मग जीव धोक्यात घालून काढायला जातात. मोटार आणि स्टार्टरची पेटी पहिल्या इशाऱ्यालाच वर आणा. त्या आठवड्यात उसाला पाणी देणार आहात का कुणी?

पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकून पहिलं बटण दाबायचं नाही. भिंत आतनं ओली असते. बोर्ड उघडून वाळवायचे, वायरमनकडनं मेगर (करंट कुठं गळतोय का ते बघायचं यंत्र) लावून तपासायचं, मग मेन. भिजलेली मोटार तर वाळवून, तपासून घेतल्याशिवाय चालूच करायची नाही, वाइंडिंग जळतं.

बारा_गावची_आशा:

आत्तींसाठी. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं आणि वीज जाते. छोट्या माठात किंवा मडक्यात कुपी कोरड्या डबीत घालून ठेवायची, बाहेरनं ओलं फडकं गुंडाळायचं, सावलीत. बर्फात थेट घालू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सुया आणि गोळ्या महिनाभराच्या घेऊन ठेवा, कारण हायवे बंद झाला की औषधाच्या दुकानातला माल संपतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता बंद होता, पेट्रोलसुद्धा मोजून मिळत होतं. तुमच्या गावच्या आशाताईंकडं आत्तींचं नाव नोंदवा, इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, दिवस भरत आलेल्या बायका यांची यादी आम्ही करतो आणि त्यांना आधी हलवायचं बघतो.

प्यायचं पाणी भरून ठेवा. हे ऐकून बाहेरची माणसं हसतात, पण २०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि कोल्हापूर शहरात नळ कोरडे पडले. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर. उकळून घ्या, नसेल जमत तर मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरिनचं औषध) टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

साप. पाण्याबरोबर नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागेला येतात, म्हणजे तुम्ही जिथं जाता तिथंच. माळा, लाकडाचा ढीग, गोणपाट. चावला तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, हलवायचं कमी आणि १०८ ला फोन. बोट लागणार असेल तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७. परत आल्यावर चिखल काढताना पायात गमबूट हवेत. पायाला जखम असेल तर आधी दाखवा, लेप्टोची (घाण पाण्यातनं होणारा लेप्टोस्पायरोसिस) गोळी डॉक्टर देतील, स्वतःच्या मनानं दुकानातनं घेऊ नका.

भुदरगडकर:

आम्ही डोंगरातले, आमच्याकडं पूर नाही तर दरड. थोडक्यात लिहितो. घरामागच्या उताराला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलायला लागले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, दारं-खिडक्या अडकायला लागल्या, की त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलैतच. पुराला निदान फूट असतात मोजायला. ज्यांचे पाहुणे डोंगरात आहेत त्यांनी जनावरं तिकडं पाठवताना उताराच्या पायथ्याची जागा घेऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं.

जतची_लेक:

सगळ्यांना मनापासनं धन्यवाद. दूधसंस्थेच्या ड्रायव्हर काकांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, राजारामला ४१ झाले की आमची मोरी बंद. म्हणजे मावशी, आमचा आकडा ३८.

मामांशी म्हशीच्या बाजूनं बोलले. आधी गप्प बसले, मग म्हणाले धार मीच काढणार, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आत्तींना हसू आलं. पण अडचण अशी की उंचावर आमचे पाहुणे नाहीत. माझं माहेर जत, तिकडं पूर नाही पण म्हशी एवढ्या लांब कशा नेणार? आणि ३८ ला हललो आणि पाणी ४० वरनंच उतरलं तर टेम्पोचं भाडं गेलं, गावात हसं झालं, असं मामांचं म्हणणं आहे.

गोठ्याची_मालकीण:

जत लांब पडेल, गाभणीला तेवढा प्रवास नको. दूधसंस्थेच्या सचिवांना विचार, वरच्या गावातल्या कुठल्या सभासदाची दावण रिकामी आहे ते त्यांना ठाऊक असतं. पूरपट्ट्यातल्या काही गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्यात, तुमच्यातल्या कुणाचा तिथं प्लॉट असेल तर चार बांबू आणि ताडपत्रीत तात्पुरता गोठा होतो. ग्रामपंचायतीतही विचारून ठेव, पुरात जनावरांची छावणी कुठं लावतात ते. छावणीत मात्र लाळ-खुरकूत लागायची भीती असते, म्हणून घटसर्पाबरोबर ती पण लस झालीय का बघ.

भाड्याचं मामांना असं सांग, गल्लीतली चार घरं मिळून टेम्पो ठरवा, वर्गणी काढा. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्यात, एकदा गाभणीला टेम्पोत चढवून उतरवून बघा. चढायला कां-कूं करत असेल तर मातीचा उतार करून घ्यावा लागतो आणि तो पावसात होत नाही.